पंपापेक्षा गिझर जास्त खातो

पाणी वाचवलं की पंपाची वीज वाचते, असं पाणीबचतीवरच्या एका लेखात म्हटलंय; ते बरोबर आहे, पण त्यात विजेचा मोठा खर्च, म्हणजे गिझर, सुटलाय. हजार लिटर पाणी दहा मीटर वर टाकीत चढवायला छोट्या पंपाला साधारण 0.1 युनिट पुरतं. उलट गोव्यातलं टाकीचं पाणी 27 अंश धरलं, तरी 80 लिटर 40 अंशांपर्यंत तापवायला 1.2 युनिट लागतात, आणि शॉवरखाली एवढं आठ-दहा मिनिटांत वाहून जातं. 15 लिटरच्या बादलीला 0.23 युनिट!

विहिरीवरच्या पंपाची वीज वाया जाते ती फूट व्हॉल्व्ह (नळीच्या तळाची, पाणी परत उतरू न देणारी झडप) गळल्यावर. पावसाळ्यात झडपेत जांभ्याचा खडा अडकतो, नळीतलं पाणी उतरतं, पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. दिवाळीआधी व्हॉल्व्ह वर काढून धुवा, रबर कडक झालं असेल तर बदलाच.