ठिपके काढले की झाली जर्सी?

आठवडाभर आमच्या मेलबर्नच्या क्रिकेटवाल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला चौघांनी पाठवला. क्लबच्या जर्सीवर ॲबोरिजिनल (म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं) डिझाइन हवं तर आर्टिस्टला पैसे कशाला द्यायचे, ठिपके नि गोलच तर आहेत, नेटवरून उचला, त्यांचा झेंडासुद्धा फ्री झालाय, आणि मुळात खेळात राजकारण हवंय कशाला. आता एकेक घेतो.

"ठिपकेच तर आहेत." अरे, ही ठिपक्यांची स्टाइल मध्य ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटाकडची, १९७१ ला तिथल्या पापुन्या गावात लोक बोर्डवर रंगवायला लागले तिथून ती जगभर गेली. इथल्या, व्हिक्टोरियातल्या लोकांच्या जुन्या ढाली म्युझियममध्ये जाऊन बघा, रेघा आणि शंकरपाळ्यासारखे चौकोन दिसतील. म्हणजे मेलबर्नच्या क्लबने नेटवरचे ठिपके छापणं म्हणजे येवल्यात बसून कांजीवरम दाखवायची आणि म्हणायचं ही आमची पैठणी. गोलाचंही तसंच, कुठे तो पाणवठा असतो, कुठे लोक जमायची जागा, आणि ती गोष्ट कुणी सांगायची हेही ठरलेलं असतं.

"नेटवरून उचला." उचला की. व्हिएतनाममध्ये बनवलेल्या गालिच्यांवर अशीच ॲबोरिजिनल आर्टिस्टची चित्रं न विचारता छापली होती, १९९४ ला फेडरल कोर्टाने नुकसानभरपाई द्यायला लावली.

झेंड्याचं मात्र अर्धं खरंय. हॅरॉल्ड थॉमस या ॲबोरिजिनल आर्टिस्टने तो १९७१ ला डिझाइन केला, कॉपीराइट त्यांचाच, पुढे कपड्यांवर वापरायचं लायसन्स एका खासगी कंपनीकडे गेलं आणि त्या भानगडीत २०२० च्या एएफएलच्या (इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग) इंडिजिनस राउंडला, म्हणजे मूळ रहिवाशांच्या सन्मानाच्या मॅचेसना, मैदानावर झेंडाच नव्हता. २०२२ मध्ये सरकारने २ कोटी डॉलरच्या वर मोजून हक्क घेतले, त्यामुळे आता झेंडा छापायला पैसे पडत नाहीत. पण फ्री झाला तो झेंडा, बाकी कुणाचं चित्र नाही!

आता राजकारण. १८६८ ला इंग्लंडला गेलेली पहिली ऑस्ट्रेलियन क्रिकेट टीम ॲबोरिजिनल खेळाडूंची होती, ४७ मॅच खेळले, १४ जिंकले, १४ हरले (आपल्या मुंबईचे पारशी गेले ते १८८६ ला). परत आले तर १८६९ लाच व्हिक्टोरियात कायदा, ॲबोरिजिनल माणसाने कुठे राहायचं ते सरकारी बोर्ड ठरवणार. १९२७ ला डग निकोल्स हे ॲबोरिजिनल खेळाडू मेलबर्नच्या कार्लटन फुटबॉल क्लबकडे गेले तर रंगावरून बाहेर काढलं, मालिश करणारे हात लावायला तयार नाहीत. आज एएफएलचा तोच राउंड त्यांच्या नावाने होतो. तर राजकारण जर्सीने आणलं का?

२०२० ला भारताविरुद्धच्या टी-ट्वेंटीत ऑस्ट्रेलियाने घातलेली ती जर्सी आठवते ना, ग्रुपवर सगळ्यांनी भारी भारी केलं होतं. तिच्या दोन डिझायनरपैकी फियोना क्लार्क या त्या १८६८ च्या टीममधल्या एका खेळाडूच्या वंशज आहेत. ते काय नेटवरून उचलणार?

आणि हो, मेसेज ज्याने सुरू केला त्याने मागच्या सीझनला आपला लोगो करून दिला होता. बिल तीन दिवसांत आलं होतं.