सोन्याचा पाऊस नव्हता तो

आज सकाळी सव्वानऊला आमच्या घरच्या ग्रुपवर आतेभावानं एक फॉरवर्ड टाकला. 'मुंबईत सोन्याचा पाऊस पडला तो दिवस!' खाली नाण्यांची चित्रं. १९४४ साली मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज उडालं, त्यात सोन्याच्या विटाही होत्या, त्याबद्दल होता तो. दहा मिनिटांत वीस जणांच्या प्रतिक्रिया. कुणी लिहिलं 'आपण का नव्हतो तेव्हा', कुणी लिहिलं 'माझ्या अंगणात एक तरी वीट पडायला हवी होती'. हसरे चेहरे तर मोजलेच नाहीत मी. फोन ठेवून दिला, पोळ्या केल्या, पण डोक्यातून ते जाईना. म्हणून आता लिहायला बसले आहे. मोठं होईल, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. माझी आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. माझगावला चाळीत राहायची. चैत्राचं ऊन, परीक्षा संपलेल्या, आणि तिच्या आईनं गच्चीवर तांदळाच्या फेण्या वाळत घातलेल्या. जुन्या लुगड्यावर ओळीनं मांडलेल्या. रेशनचे दिवस होते, तांदूळ महिनाभर मूठमूठ बाजूला काढून साठवलेला. त्यामुळे कावळे हाकलायला आजीला काठी देऊन बसवलं होतं आणि 'एक जरी फेणी कमी झाली तर बघ' असा दमही दिला होता. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, व्हिक्टोरिया डॉकमध्ये हमाल होते. संगमेश्वराकडून आलेले. सकाळी भाकरी बांधून गोदीत गेले होते.

सोन्याच्या पावसाची गोष्ट जिथे सुरू होते, तिथे आमच्या घरात ही गोष्ट सुरू होते. गच्चीवर, काठी घेऊन बसलेली नऊ वर्षांची मुलगी.

आता जहाजाचं सांगते, कारण फॉरवर्डमध्ये ते दोन ओळींत उरकलं होतं. फोर्ट स्टिकीन नाव त्याचं. फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालं, कराचीला थांबलं, १२ एप्रिलला मुंबईत आलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. लढाऊ विमानं होती. आणि कराचीत त्यात काय भरलं? कापसाच्या ८,७०० गाठी! तेलाची पिंपं, गंधक, लाकूड, राळ. दारूगोळ्याच्या सोबतीला कापूस. गावाकडं गवताच्या गंजीजवळ कुणी विडी ओढली तर म्हातारी माणसं अंगावर धावून येतात. इथे साहेबांच्या कागदांवर सह्या होऊन, शिक्के बसून हे सगळं एका जहाजात भरलं गेलं. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा नियम होता, तोही नव्हता. युद्ध चालू होतं, शत्रूला कळायला नको, वगैरे. हो, युद्धात सगळं नियमानं होत नाही, एवढं मान्य करते. पण गोदीत उतरून हातानं माल उपसणाऱ्या माणसाला आपण कशावर उभे आहोत हे कळायला नको?

दुपारी जेवणाची सुट्टी संपून हमाल परत आले आणि दोनच्या सुमाराला दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. अग्निशमन दलाचे लोक आले. मला सगळ्यात जास्त कशाचं वाटतं सांगू? त्या दोन तासांचं. दोन ते चार. नऊशे टन पाणी त्या जहाजात ओतलं त्यांनी. आग नेमकी कुठे आहे ते सापडत नव्हतं, धुरानं दिसत नव्हतं, आतलं पाणी उकळायला लागलं होतं. जहाज बुडवायचं की समुद्रात बाहेर ओढून न्यायचं, यावर साहेब लोकांचं एकमत होत नव्हतं. आणि हे खाली पाणी मारत उभे. एप्रिलचं ऊन डोक्यावर, पायाखाली पत्रा तापलेला. पावणेचारच्या पुढे जहाज सोडायचा हुकूम झाला आणि चार वाजून सहा मिनिटांनी ते उडालं.

६६ जवान गेले. ६६. मुंबई अग्निशमन दलाचे, एका दुपारी.

आजी सांगायची, आधी गच्ची हलली आणि मग आवाज आला. कानावर हात ठेवायचं पण सुचलं नाही. चाळीतल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा एकदम खाली. लोक जिन्यात ओरडत होते, 'जपान आला, जपान आला!' कारण तेव्हा सगळ्यांना तीच भीती, रात्री दिवे झाकून बसायचे. ती काठी धरून तिथेच उभी. खाली पळावं तर फेण्या कोण बघणार, आई रागावेल, एवढंच तिच्या डोक्यात. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट झाला, तो पहिल्यापेक्षा मोठा. त्याच्यानंतर आभाळातून पडायला लागलं.

सोनं नाही. कापूस. पेटलेला कापूस. बोळेच्या बोळे, जळत खाली येणारे. लुगड्याला भोकं पडत होती, फेण्यांवर ठिणग्या आणि काजळी. एक बोळा तिच्या परकराला लागला, शेजारच्या काकांनी हातानंच विझवला आणि तिला उचलून खाली नेलं. हेच पेटते बोळे मांडवीच्या गोदामांवर पडले, वस्त्यांवर पडले, बाकीच्या जहाजांवर पडले. सुमारे ८०,००० माणसं बेघर झाली. मेलेल्यांचा आकडा कुठे ८०० लिहिलेला आहे, कुठे १,३००. मधली पाचशे माणसं कोण? गोदीतले हमाल, फुटपाथवर झोपणारे, गावाहून आदल्या दिवशी आलेले. त्यांची नोंद करायला कोण बसलं होतं? पणजोबांचं नाव तरी कुठल्या कागदावर नीट लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही.

जलपद्म नावाचं अख्खं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर येऊन पडलं. हादरा सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रांवर उमटला, सुमारे चौदाशे किलोमीटरवर! आणि बातमी? बातमी दाबली. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं जगाला सांगितलं. वार्ताहरांना बाहेर बातमी पाठवायची परवानगी मिळाली ती मे महिन्यात. ज्या शहराच्या अंगावर हे पडलं त्याला आपल्या गावात काय झालं ते धड सांगितलं नाही कुणी. म्हणूनच मागे काय उरलं, तर सोन्याच्या विटा. त्या १२४ होत्या, एकेक पावणेतेरा किलोची. त्या हिशेबात होत्या. माणसं हिशेबात नव्हती.

एक वीट एका पारशी गृहस्थांच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्यांनी ती परत केली, ही गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. ती सांगायला माझी हरकत नाही. पण फक्त तीच सांगायची?

दोन दिवसांनी १६ एप्रिल येईल. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली तो दिवस. १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं. दरवर्षी तुम्ही सगळे टाकता, मीही टाकते. आवडतोच मला तो दिवस. मग १ मे. तोही आपला. उन्हाळ्यातले हे दिवस आपण लक्षात ठेवतो कारण त्यात मिरवायला काही आहे. आणि १४ एप्रिल बाबासाहेबांचा, तो त्यांचाच राहणार, त्यात वाटेकरी नको. फक्त हेही आठवा की त्या वर्षी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं. म्हणजे जयंतीच्याच दिवशी मुंबईचे मजूर गोदीत जळत होते. त्यांच्याबद्दल बोललं म्हणून जयंतीचं काही कमी होत नाही.

पणजोबा त्या रात्री आले नाहीत. शनिवारीही नाहीत. आजीची आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. रडली नाही, बोलली नाही, चूल पेटवली नाही. शेजारणींनी पोरांना खाऊ घातलं. रात्रीसुद्धा आभाळ लाल होतं, दिवा लागायचा नाही इतका उजेड. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गाठोडी बांधून गावाला निघाली, हिला सगळे म्हणत होते चल, ही हलली नाही. रविवारी दुपारी पणजोबा चालत आले. अंगावर कपडे दुसऱ्याच कुणाचे. डाव्या कानातून रक्त वाळलेलं. तो कान गेला तो कायमचा. कुठे होते, काय पाहिलं, हे मरेपर्यंत त्यांनी घरात सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, 'तोलीतले सात गेले.' तोली म्हणजे एकत्र काम करणारी हमालांची टोळी.

आणि मग पणजी काय करते, तर गच्चीवर जाते. तीन दिवस फेण्या तिथेच पडलेल्या. ती खाली बसली आणि एकेका फेणीवरची काजळी नखानं खरवडायला लागली. तेव्हा रडली म्हणे. हातात फेणी घेऊन, मोठ्यानं. आजी म्हणायची, माझ्या आईला मी तेवढं एकदाच रडताना बघितलं.

हे वाचून झाल्यावर सांगा मला, सोन्याचा पाऊस.

दुपारचं एक सांगायचं राहिलं. साडेबाराच्या सुमाराला आमच्या सोसायटीत अग्निशमन दलाचे दोघं आले होते. आजपासून २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह असतो, याच स्फोटात गेलेल्यांच्या स्मरणार्थ, देशभर. हे माझ्याही मुलाला माहीत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्यांना काय बोलू. ते छोटे कागदी झेंडे लावत होते छातीला आणि माहितीपत्रकं वाटत होते. आमच्या पदाधिकाऱ्यांनी खालूनच सांगितलं, आज सुट्टी आहे, लोक झोपलेत, नंतर या. ड्रिलचं विचारलं तर म्हणे एवढ्या उन्हात कोण उतरणार. उन्हात!! मी गॅलरीतून ऐकलं आणि चपला घालून खाली गेले. दोघांना पाणी दिलं. वयानं मोठे होते त्यांना विचारलं, सकाळी भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयात मानवंदना झाली का. ते बघतच राहिले माझ्याकडे. म्हणाले, 'ताई, तुम्हाला कसं माहीत?' मग मी आजीचं सांगितलं. फेण्यांचंही सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी सगळं, आणि जाताना एवढंच विचारलं, 'ताई, तुमच्या जिन्यातली ती कपाटं कधी हलवणार? रात्री धूर झाला तर आम्ही वर येणार कसे?'

काय उत्तर देणार होते मी? चपलांचं एक कपाट आमचंच आहे. मागच्या दिवाळीपासून तिथे आहे. जागा नाही हे खरं आहे, साडेचारशे फुटांत माणसं किती आणि सामान किती. पण ते कारण त्या माणसाला सांगायला माझं तोंड उघडेना. संध्याकाळी मुलाला घेऊन ते आत ओढलं. आता पॅसेजमध्ये आहे, येता जाता लागतंय, लागू दे. शेजारच्यांनी पण एक सायकल आत घेतली, मी काही बोलले नव्हते तरी. पदाधिकाऱ्यांवर दुपारपेक्षा माझा राग आता कमी झालाय. त्यांनाही कुणी सांगितलं नसेल. आम्हाला शाळेत कुठे होता हा धडा? माझ्या घरात आजी होती म्हणून मला कळलं.

आठ हजार माणसं सात महिने खपत होती नंतर तिथला ढिगारा उपसायला. त्यात पणजोबाही होते, त्याच एका कानानं. काम होतं, जावंच लागलं. हमालाला घरी बसून चालतं का?

आत्ता हे लिहीत असताना आतेभावाचा फोन आला. मी ग्रुपवर सकाळी फक्त एक ओळ टाकली होती, 'आपल्या पणजोबांचा कान त्यात गेला'. त्याला माहीतच नव्हतं. आजी त्याच्या घरी फारशी राहिली नाही, शेवटची वर्षं आमच्याकडे होती. त्याला फेण्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. बराच वेळ गप्प होता. फॉरवर्ड काढून टाकलंय म्हणाला. मग विचारलं, त्या फेण्यांचं पुढे काय झालं?

तळल्या, म्हटलं. पावसाळ्यात तळल्या आणि खाल्ल्या. काळे ठिपके गेलेच नाहीत सगळे. तांदूळ कोण टाकून देणार त्या वर्षी, मांडवीचं हजारो टन धान्य जळून गेलेलं.

मग म्हणाला, पणजोबांचा फोटो आहे का गं तुझ्याकडे? नाहीये. काढलाच नाही कधी कुणी. आजी म्हणायची एक पितळी बिल्ला होता, गोदीतला, नंबर कोरलेला. गावच्या घरी फडताळात असायचा. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत शोधायला. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गोदीतला असा जुना बिल्ला असेल, किंवा माझगाव, डोंगरी, मांडवीच्या चाळीतलं कुणी म्हातारं माणूस अजून असेल ज्याला तो शुक्रवार आठवतो, तर खाली लिहा. मी येईन भेटायला, कुठेही असलं तरी.