येथे थुंकावे

'येथे थुंकू नये' वाचतच आपण लहानाचे मोठे झालो. त्यामुळे फ्रान्सच्या आल्सास प्रांतात वाइन चाखायला गेल्यावर एखाद्या तळघरात कोणी हसतमुखाने पिकदाणी पुढे सरकवतं, तेव्हा पहिली अडचण दारूची नसते, संस्कारांची असते.

आल्सास फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीला खेटून. तिथे मार्लेनहाइमपासून थानपर्यंत 170 किलोमीटरचा वाइनचा रस्ता आहे, 1953 साली सुरू झालेला. मुक्काम कोलमारला ठेवावा. स्ट्रासबुर्गहून रेल्वेने अर्धा तास. पश्चिमेकडून येणारा पाऊस व्होज डोंगर अडवून धरतात आणि पायथ्याचं कोलमार कोरडं राहतं. सह्याद्री महाबळेश्वरला झोडपतो आणि माणदेशाला ठेंगा दाखवतो, तोच प्रकार. फक्त माणदेशाच्या वाट्याला टँकर आला, कोलमारच्या वाट्याला रीझलिंग नावाची पांढरी वाइन.

तळघरात शिरताना आधी 'बोंझूर', म्हणजे फ्रेंच नमस्कार, म्हणायचं. ते न म्हणता बाटलीकडे बोट दाखवलंत, तर पुढची सगळी वाइन आंबट लागेल. दुपारी बारा ते दोन जाऊच नये, मालक जेवतो. रविवारी बरेच जण बंद असतात, आणि सप्टेंबरात तोडणी सुरू झाली की कोणाला वेळ नसतो, म्हणून आधी फोन करावा.

आता हिशेब. एका ठिकाणी सहा प्रकार, प्रत्येकी साधारण 40 मिलिलिटर. दिवसात तीन तळघरं केली की 720 मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अख्खी बाटली, तीही दिवसाउजेडी. गाडी चालवायची असेल तर रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमच्या आत राहावं लागतं. 'मग सायकल घेऊ' ही पळवाटही कायद्याने बुजवलेली आहे. म्हणून थुंकायचं. पेला हलवायचा, नाक आत घालायचं, घोट तोंडात फिरवायचा, ओठांच्या फटीतून थोडी हवा आत ओढायची आणि गाल आवळून एकच सरळ धार सोडायची. संकोच केला की धार तुटते आणि हनुवटीवरून शर्टावर येते. पान खाणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. पंचाईत सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या सज्जनांची होते.

दुसरी चूक हमखास आपलीच. गेव्युर्त्सत्रामिनेर नावाच्या वाइनला लिची आणि गुलाबाचा वास येतो, थेट गुलकंद. मराठी माणूस तिच्यावर आधी झडप घालतो आणि नंतर रीझलिंग नुसतं लिंबू लागतं म्हणून तोंड वाकडं करतो. श्रीखंडावर चहा प्यायल्यावर चहाला नावं ठेवण्यातलाच प्रकार. क्रम सिल्व्हानेर, पिनो ब्लाँ, रीझलिंग, पिनो ग्री आणि शेवटी गुलकंद, असाच ठेवावा. नाव उच्चारता आलं नाही तरी लाजू नये. 1871 ते 1945 या काळात या प्रांताने चारदा देश बदलला. नावं जर्मन, उच्चार फ्रेंच, त्यात आपण मराठी. गोंधळात एकाची भर.

चव फुकट मिळाली, तरी सहा पेले रिचवून (थुंकून म्हणा) हात हलवत निघणं म्हणजे तीस साड्या उलगडायला लावून 'सांगते नंतर' म्हणण्यासारखं. एक-दोन बाटल्या घ्याव्यातच.

गावं देखणी आहेत. कोलमारात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा शिल्पकार बार्तोल्दी जन्मला. गावाच्या वेशीवर त्या देवतेची 12 मीटर उंच प्रतिकृती वाहतूक बेटावर उभी आहे. एगिसहाइमच्या गल्ल्या मधल्या गढीभोवती गोल गोल फिरतात. तीन प्रदक्षिणा झाल्या की तेच कुंड्यांनी लगडलेलं घर चौथ्यांदा दिसतं. हा वाइनचा परिणाम नव्हे, नगररचनेचा.

शाकाहाऱ्यांनी मात्र डोळ्यांत तेल घालावं. तार्त फ्लाँबे ही पापडासारखी पातळ, साय-कांद्याची भाकरी दिसायला निरागस असते, पण वर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले. 'साँ लार्दों', म्हणजे 'ते तुकडे नकोत', हे दोन शब्द पाठ करावेत. कुगेलहोफ या उंच केकवर तरी भरवसा ठेवावा म्हटलं, तर त्याच्या खारट भावंडातही तेच तुकडे. आणि दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद. सात वाजेपर्यंत पिशवीतला चिवडा.

शेवटचा पेच विमानतळाचा. भारतात माणशी दोन लिटर दारू विनाशुल्क आणता येते. बाटली 750 मिलिलिटरची. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तीन म्हणजे सव्वादोन. केबिनच्या सामानात नेता येत नाही, आणि आल्सासची बाटली सडपातळ, उंच, त्यामुळे बॅगेत तिरकीच बसते. दोन्ही बाजूंनी स्वेटर कोंबावे लागतात. ज्यादाचे 250 मिलिलिटर तेवढे संपवून उघडी बाटली बॅगेत नेणं शहाणपणाचं नाही. तेव्हा तिसरी बाटली आदल्या रात्री हॉटेलातच उघडावी लागते, आणि हॉटेलच्या खोलीत पिकदाणी नसते.