निम्मी भाकरी आणि अख्खी गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि आधी राग आला, हे लपवत नाही. सकाळी चहा करताना परत वाचली, तेव्हा तो राग तुमच्यावरून उतरून माझ्यावर आला. म्हणून दोन ओळींत आटपत नाही, सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादांच्या आई बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका खेड्यात असतात. वय ६२, शुगर ९ वर्षांपासून. ‘निम्मी भाकरी’ हा शुगरवाल्यांच्या खाण्यावरचा माझा लेख दादांनी त्यांना फोनवर वाचून दाखवला आणि आईंनी तो मनावर घेतला. सकाळच्या दोन तांदळाच्या भाकरींची एक झाली, दुपारचा भात अर्ध्यावर आला. गोळ्या होत्या तशाच राहिल्या. रोप लावणीच्या दिवशी साडेसातला गोळी घेऊन, एक भाकरी खाऊन त्या शेतात गेल्या आणि साडेअकराच्या सुमाराला चिखलात बसल्या त्या उठेनात. काहीबाही बोलायला लागल्या. पाऊस चालू, सगळ्याच बायका भिजलेल्या, त्यामुळं आईंना दरदरून घाम फुटलाय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी एका बाईनं त्यांच्या अंगावरची प्लास्टिकची खोळ काढून मानेला हात लावला, तर ओल चिकट लागली. तिनं लावणीवाल्यांसाठी आणलेला फ्लास्कमधला चहा दोन कप पाजला. वीसेक मिनिटांत आई भानावर आल्या.

‘ज्या साखरेच्या चहाला तुम्ही विष म्हणता, त्यानंच माझी आई वाचली,’ असं तुम्ही लिहिलंय. शिवाय मी शहरात बसून लोकांना घाबरवते, भातावर जगणाऱ्यांना ज्वारी सांगते आणि गुळालासुद्धा नावं ठेवते, अशी तक्रार आहे. आमच्या आजोबांना कुठं शुगर होती, असंही तुम्ही म्हणता.

लेख उघडून बघितला. ‘विष’ हा शब्द मी वापरलेला नाही, ‘साखरेचा चहा बंदच करा’ असं लिहिलंय. पण भर पावसात चिखलात बसलेल्या बाईला या दोन्हींत काय फरक पडणार? चूक माझी आहे. भाकरी निम्मी करा हे मी सात परिच्छेद लावून सांगितलं. पण खाणं कमी करायच्या आधी गोळीचं डॉक्टरांना विचारा, हे एक वाक्य त्यात कुठंच नाही. मी स्वतः ११ वर्षं गोळ्या घेते. मला हे माहीत होतं, आणि माहीत असलेलं लिहायचंच राहून गेलं.

आता ते वाक्य नीट उलगडते. शुगरच्या सगळ्या गोळ्या एका जातीच्या नसतात. मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर ती सहसा शुगर धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात एक भाकरी गेली की दोन, याची त्या चौकशी करत नाहीत. पुष्कळदा एकाच गोळीत दोन्ही औषधं असतात आणि आपण तिला ‘शुगरची पांढरी गोळी’ म्हणून ओळखतो. आईंचं पाकीट बघा. त्यावर या दुसऱ्या जातीतलं एखादं नाव असेल, तर त्या दिवशी काय झालं असेल याचा अंदाज येतो : खाणं निम्मं, गोळी अख्खी आणि वर लावणीचं काम. वाकून चार तास रोप लावताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता ओढून घेतात. एरवी जी गोळी बरोबर बसते, तीच त्या दिवशी जड होते. काम थांबल्यावरही स्नायूंची ही ओढ काही तास चालते, म्हणून लावणीच्या दिवसांत रात्रीही शुगर उतरू शकते.

यात भाषेचीही एक गोम आहे, आणि ती आपल्याच भागातली आहे. औषध दुकानदार पाकिटावर कन्नडमध्ये खूण करतो, तोंडानं ‘ऊटक्क मुंचे’ म्हणतो आणि आपण मान हलवतो. जेवणाआधी, हे बरोबर कळतं. पण किती आधी? माझ्या सासूबाई सहाला गोळी घ्यायच्या आणि पूजा, गोठा, दूध आवरून नऊला खायच्या. तीन तास ती गोळी रिकाम्या पोटात काम करत असायची आणि आम्ही म्हणायचो, ‘सकाळी आई फार चिडचिड करतात.’ ती चिडचिडच शुगर उतरल्याची खूण होती. तेव्हा आम्हाला घरात कुणालाच कळलं नाही.

तुमच्या त्या फ्लास्कवाल्या बाईंनी अगदी बरोबर केलं. मशीनवर शुगर ७० च्या खाली गेली की साखर हेच औषध. साधारण १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून किंवा चहातून. पंधरा मिनिटं थांबायचं, मशीन असेल तर मोजायचं, नसेल तर माणसाकडं बघायचं, आणि फरक नसेल तर परत तेवढीच द्यायची. बरं वाटलं की भाकरी किंवा भात पोटात जायलाच हवा. कुंद्यासारखी मिठाई, शेंगदाण्याचा लाडू, बिस्कीट त्या वेळी चालत नाही, त्यातल्या तुपा-तेलामुळं साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. (कुंदा नको असं बेळगावच्या बाईनं लिहावं, दिवस आले.) माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवायचं आणि गाडी काढायची. आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनं शुगर उतरली असेल तर ती काही तासांनी परत उतरू शकते. म्हणून ‘चहा पिऊन बरी झाली, परत लावणीला लागली’ हे तुमचं वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. पुढच्या वेळी तो दिवस घरी, कुणीतरी सोबत, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन.

तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, ती टक्क्यांत मोजतात) ७.८ आली म्हणून आईंनी हे सगळं केलं, असंही तुम्ही लिहिलंय. ७ च्या खाली ठेवा हे मीच लिहिलं होतं. ते पुष्कळांना लागू आहे, पण सरसकट सगळ्यांना नाही. वय झालेलं, शुगर एकाएकी उतरण्याचा धोका असलेला, शेतात एकटा राबणारा माणूस असेल, तर डॉक्टर बऱ्याचदा आकडा थोडा सैल सोडतात, ८ च्या आसपासही चालवून घेतात. आईंसाठी कुठला आकडा, हे त्यांना तपासणाऱ्यानं ठरवायचं. ते माझं काम नाही.

भाताबद्दल. इथंही तुम्ही मला पकडलंत. माझं माहेर अथणीकडचं, तिकडं ताटात ज्वारी नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही. लग्न होऊन वडगावात आले आणि इथला बासमती, इंटान तांदूळ खाऊ लागले, तरी लिहायला बसले की हात ज्वारीकडंच जातो. तुमच्याकडं पाऊस कोसळतो, भात पिकतो. तुमच्या आईंनी ज्वारी विकत आणून खावी, असं सांगण्यात काही अर्थ नव्हता. शिवाय ज्वारीची जादूही लोक वाढवून सांगतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असतं, तांदळात ८० च्या थोडं खाली. फरक आहे, तंतूंचाही आहे, पण ‘शुगरवाल्यांनी भाकरी कितीही खावी’ म्हणण्याएवढा नाही.

भातच खायचा असेल तर कसा, हे मी त्या लेखात लिहायला हवं होतं. आधी भाजी आणि हुलग्याची किंवा मटकीची उसळ ताटात, ती निम्मी संपली की मग भात. पोटात भाजी-कडधान्य आधी गेलं की मागून येणाऱ्या भाताची साखर सावकाश चढते. घरी हातसडीचा तांदूळ असेल तर आईंनी तोच खावा, पाहुण्यांसाठी ठेवू नये. भात वाटीनं मोजावा, आणि ती वाटी रोज एकच असावी. आमच्याकडं एक चेपलेली स्टीलची वाटी आहे, तिला सगळे ‘शुगरची वाटी’ म्हणतात. परवा सून तिच्यात तूप काढायला निघाली, तर नवरा ओरडला. आणि लावणीच्या, मळणीच्या दिवसांत वाटी कमी करायची नाही. उलट मधे काहीतरी खायचं.

गुळावर मात्र मी मागं हटणार नाही. गूळ म्हणजे बहुतांशी तीच उसाची साखर, थोडी ओल, थोडी खनिजं. त्यात लोह असतं म्हणून शुगर चढायची थांबत नाही. मी घरी दोन दिवस मोजून पाहिलं होतं, एक दिवस साखरेचा चहा, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच गुळाचा. दीड तासानं १९६ आणि १९१. एका बाईच्या दोन चहांनी काही सिद्ध होत नाही, मान्य आहे. पण त्यानंतर मला गुळाचं कौतुक ऐकताना मजा वाटते, एवढंच. लोक ‘गूळ चालतो’ म्हणून दोनाऐवजी चार चमचे घालतात, खरी अडचण तिथं होते. आजोबांना शुगर नव्हती म्हणता, तर त्यांची मोजली कुणी होती? २०२३ साली छापून आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे. आजोबा चालत बैलगाडीच्या पुढं जायचे, आपण कोपऱ्यावरच्या दुकानात गाडी काढून जातो, हेही त्यात आलं.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते, कारण लावणी म्हटल्यावर मला आधी तेच आठवलं. आईंचे पाय बघा. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आपल्याकडं त्याचं कुणाला काही वाटत नाही. शुगर असलेल्या पायाला मात्र हळूहळू संवेदना कमी होते, बेचक्यातली चीर दुखत नाही, आणि न दुखणारी जखम कुणी बघत नाही. रोज रात्री पाय धुऊन बेचक्यांत सुती फडक्यानं कोरडं करायचं, तळवा दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगायचं. आणि गारठून आल्यावर चुलीपुढं पाय शेकणं पूर्ण बंद. आमच्या गल्लीतल्या एका आजींचा तळवा असाच भाजला, त्यांना कळलं ते फोड फुटल्यावर. गरम पाण्यात पाय घालायचे असतील तर आधी हाताच्या कोपरानं बघायचं.

लेख कालच दुरुस्त केला. गोळीचं वाक्य आता सगळ्यात वर आहे, ठळक अक्षरात, आणि ते कुणाच्या प्रतिक्रियेमुळं आलं हेही खाली लिहिलंय, नाव न घेता. तुम्ही आता एवढं करा : आईंच्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मागवून घ्या, आणि त्या किती वाजता गोळी घेतात, किती वाजता आणि काय खातात, लावणीत काय झालं, हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. मला पाठवू नका, मी डॉक्टर नाही. कागद कन्नडमध्ये लिहिता आला तर बरं, तिथली सिस्टरही वाचेल.

आईंना सांगा, पदराच्या गाठीत साखरेची पुडी ठेवायची. नुसती कागदात नको, पावसात विरघळून जाते, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आणि त्या फ्लास्कवाल्या बाईंना माझा नमस्कार कळवा.