‘11-ए घ्या, वाचाल’ या निरोपाचा प्रतिवाद

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे निघालेले एअर इंडियाचे एआय 171 हे विमान धावपट्टी सोडल्यावर काही क्षणांतच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील 242 जणांपैकी 241 जण आणि जमिनीवरील 19 जण मृत्युमुखी पडले. वाचला तो एकच प्रवासी, आणि त्याच्या जागेचा क्रमांक होता 11-ए. तेव्हापासून एक निरोप आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा: 11-ए ही विमानातील सर्वांत सुरक्षित जागा असून दोन अपघातांनी ते सिद्ध झाले आहे, ती मिळाली नाही तर शेवटच्या रांगांत बसावे, कारण तिथे वाचण्याची शक्यता 40 टक्क्यांनी जास्त असते, पंखांजवळ बसू नये, कारण खाली इंधन असते, हवेचे हिसके बसू लागले तर पुढे बसणाऱ्याला काही होत नाही, आणि घरातल्या वयस्कर माणसांसाठी जादा पैसे भरून आपत्कालीन दाराची रांग घ्यावी.

हा निरोप मी एरवी वाचून सोडून दिला असता. पण माझ्या बहिणीने तो मनावर घेतला आणि आई-बाबांच्या दिल्लीच्या प्रवासासाठी आईला पैसे भरून 11-ए घेतली. बाबांना 23व्या रांगेत जागा मिळाली. आई 74 वर्षांची आहे, तिचे गुडघे दुखतात आणि तिला ऐकायला कमी येते. शेजारच्या दोन अनोळखी माणसांना उठवावे लागू नये म्हणून तिने त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते, हे तिने दिल्लीला उतरल्यावर सांगितले. म्हणून या निरोपातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान 11-ए या क्रमांकाचे. दोन अपघातांपैकी दुसरा म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, तो 11 डिसेंबर 1998 रोजी थायलंडमधील सुरात थानी येथे झालेला थाई एअरवेजच्या एअरबस 310 विमानाचा. त्या अपघातातून बचावलेल्या एका थाई गायक-अभिनेत्याने अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर सांगितले की आपणही 11-ए वरच बसलो होतो. योगायोग विलक्षण आहे, हे मान्य. पण त्या विमानात 146 जण होते आणि त्यांपैकी 45 जण वाचले. म्हणजे उरलेले 44 जण 11-ए वर बसलेले नव्हते, आणि त्यांच्या जागांचे क्रमांक कोणी पुढे पाठवत नाही. ज्या असंख्य विमानांत 11-ए वरचा प्रवासी दगावला, त्यांचीही नोंद या निरोपात नाही. वाचलेल्याचा क्रमांक बघायचा आणि न वाचलेल्यांचे क्रमांक बघायचेच नाहीत, अशा मोजणीतून कोणतीही जागा ‘सुरक्षित’ ठरवता येते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की 11-ए ही कोणती एक ठरलेली जागाच नाही. एअर इंडियाच्या त्या बोईंग 787-8 विमानात बिझनेस वर्गाच्या मोजक्या रांगांनंतर क्रमांक एकदम 11 वर जात असल्याने 11-ए ही इकॉनॉमी वर्गातील पहिल्याच रांगेतली, आपत्कालीन दाराजवळची जागा होती. आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेल्या एअरबस 320 च्या बहुतेक मांडण्यांत पंखांवरची आपत्कालीन दारे 12व्या आणि 13व्या रांगेशी येतात, म्हणजे 11-ए त्यांच्या पुढची साधी जागा असते, आणि तिची पाठ बऱ्याचदा मागे रेलतही नाही, कारण मागची वाट मोकळी ठेवायची असते. बोईंग 737 च्या काही विमानांत तर 11-ए ला खिडकीच नसते, कारण वातानुकूलनाची नळी नेमकी तिथल्या भिंतीतून वर चढते. कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआर 72 मध्ये प्रवाशांचे दार मागे असते आणि पुढे सामानाचा कप्पा, त्यामुळे तिथे सगळाच हिशेब उलटतो. आईसाठी घेतलेल्या 11-ए चा अहमदाबादच्या 11-ए शी नावापलीकडे काडीचाही संबंध नव्हता.

आणि तो प्रवासी वाचला कसा, हे त्याने स्वतः सांगितलेले आहे. विमानाचा त्याच्याकडचा भाग वसतिगृहाच्या तळमजल्यापाशी टेकला, तिथे थोडी मोकळी जागा होती, दार तुटले आणि तो बाहेर पडू शकला; पलीकडच्या बाजूला इमारतीची भिंत आडवी आली होती. विमान थोडे वेगळ्या कोनात पडले असते तर हीच जागा भिंतीला भिडली असती. त्याचा सख्खा भाऊ त्याच विमानात होता आणि तो वाचला नाही. त्या घराचे दुःख ठाऊक असताना त्यातून जागेचा नुस्खा काढून गावभर वाटला जावा, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरे विधान शेवटच्या रांगांचे, आणि याला काही आधार आहे, म्हणून ते नीट पाहिले पाहिजे. 2007 मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकी मासिकाने 1971 पासूनच्या 20 अपघातांतील जागांचे नकाशे तपासले. पंखांच्या मागे बसलेल्यांपैकी 69 टक्के वाचलेले आढळले, तर अगदी पुढच्या भागातले 49 टक्के. 69 आणि 49 यांच्या गुणोत्तरातून तो ‘40 टक्के जास्त’ हा आकडा आला. पुढे 2015 मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाने 35 वर्षांच्या नोंदींतून 17 अपघात निवडून हीच मोजणी केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण मागच्या एक-तृतीयांश भागात 32, मधल्या भागात 39 आणि पुढच्या भागात 38 टक्के निघाले. फरक दिसतो, पण तो किती आक्रसला तेही दिसते. शिवाय अशा मोजणीत काही प्रवासी दगावले आणि काही वाचले असेच अपघात धरता येतात, आणि 17 किंवा 20 ही संख्या इतकी लहान आहे की एक मोठा अपघात इकडचा तिकडे झाला तरी टक्केवारी हलते.

प्रत्यक्ष घटना दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. 29 डिसेंबर 2024 रोजी दक्षिण कोरियातील मुआन येथे जेजू एअरच्या विमानातील 181 जणांपैकी जे दोघे वाचले, ते शेपटाकडे बसलेले कर्मचारी होते. त्याआधी चारच दिवस कझाकस्तानातील अक्ताऊजवळ पडलेल्या अझरबैजानी विमानातही वाचलेले बहुतेक जण मागचेच होते. पण 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-10 विमान कोसळले तेव्हा वाचलेल्या 184 जणांपैकी बहुसंख्य प्रवासी पहिल्या वर्गाच्या मागे आणि पंखांच्या पुढे, म्हणजे हा निरोप सुचवतो त्या शेवटच्या रांगांपासून दूरच बसलेले होते. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना एशियानाच्या विमानाचे शेपूटच समुद्राच्या बांधावर आपटून तुटले. 307 जणांपैकी तिघी दगावल्या, त्या तिघी मागच्या भागात होत्या, आणि त्यांपैकी दोघींनी पट्टा बांधलेला नव्हता. विमान नाकावर आपटेल, शेपटावर की कुशीवर, हे तिकीट काढताना कोणाला कळणार?

पंखाखालच्या इंधनाच्या विधानात अर्धे सत्य आहे. इंधन पंखांत असते, तसेच पुष्कळ विमानांत ते दोन पंखांच्या मधल्या पोटातही असते. पण जिथे पंख धडाला जोडले जातात तो विमानाच्या सांगाड्याचा सर्वांत भक्कम भाग असतो, आणि एअरबस 320 सारख्या विमानांत बाहेर पडण्याच्या जादा वाटाही तिथेच असतात. आग लागल्यावर कोण वाचते, हा प्रश्न मुख्यतः वाट किती जवळ आहे याचा असतो. 22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर एका विमानाने पेट घेतला आणि 137 पैकी 55 जण गेले, त्यांतले बहुतेक धुराने. विमान तर जमिनीवर उभे होते. अशा अपघातांतून वाचलेल्यांच्या कथनांचा अभ्यास ग्रिनिच विद्यापीठातील एड गॅलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तेव्हा दारापासून सुमारे पाच रांगांच्या आत बसलेल्यांची बाजू भक्कम दिसली. मला या सगळ्यांत हाच आकडा कामाचा वाटतो. तो क्रमांक पाहत नाही, अंतर पाहतो.

अंतर मोजण्याची एक साधी रीत आहे. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती खुर्च्यांच्या पाठी लागतात ते मोजून ठेवावे, कारण धुरात डोळ्यांना दिसत नाही, पण खुर्चीच्या पाठीचा काठ हाताला लागतो. पट्टा एकदा सोडून पाहावा. आपण रोज गाडीत बसतो, तिथे कमरेशी बटण दाबायचे असते. विमानात झडप वर उचलायची असते, आणि घाबरलेला हात बटणच शोधत राहतो. सामान सोडून द्यावे, हे तर सगळ्यांत आधी. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या एअरबस 350 ने तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेट घेतला. आठ दारांपैकी तीनच वापरता आली, घोषणेची यंत्रणा बंद पडली, कर्मचाऱ्यांना भोंग्यावरून ओरडून वाट दाखवावी लागली, आणि तरी त्या विमानातील सर्व 379 जण जिवंत बाहेर पडले, कारण लोकांनी बॅगा वरच्या कप्प्यातच राहू दिल्या. धडकलेल्या छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मात्र दगावले. आपल्याकडे विमान थांबले न थांबले तोच कप्पे उघडून चिवड्या-लाडवांच्या पिशव्या उतरवायला उभी राहणारी रांग पाहिली की मला प्रत्येक वेळी हानेदा आठवते.

हवेच्या हिसक्यांबद्दलच्या विधानातली चूक वेगळ्या जातीची आहे. विमान गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे त्याचे वजन जिथे तोलले जाते त्या बिंदूभोवती डोलते, म्हणून पंखांच्या आसपास डोलणे कमी जाणवते आणि शेपटाकडे जास्त. अगदी पुढे बसल्याने ते कमी होते असे नाही. परंतु इजा होते ती पट्टा न बांधलेल्याला. 21 मे 2024 रोजी लंडनहून सिंगापूरला चाललेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या बोईंग 777 ला म्यानमारवर असा हिसका बसला की सिंगापूरच्या तपास यंत्रणेच्या प्राथमिक अहवालानुसार उभा त्वरण-भार 0.6 सेकंदांत अधिक 1.35 जी वरून उणे 1.5 जी वर गेला (1 जी म्हणजे आपले नेहमीचे वजन, उणे म्हणजे उलट, वरच्या दिशेने ओढ). पट्टा न बांधलेली माणसे जागेवरून वर उचलली गेली आणि पुढच्या चार सेकंदांत खाली आदळली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेकांच्या मणक्याला आणि डोक्याला मार लागला. तिथे रांग कोणती होती याला अर्थ नव्हता. पट्टा बांधण्याच्या सूचनेचा दिवा विझला तरी पट्टा सैलसर का होईना बांधून बसावे, यापलीकडे उपाय नाही.

शेवटचे विधान मला सर्वांत घातक वाटते. आपत्कालीन दाराची रांग वयस्करांसाठी घ्यावी, हा सल्ला नियमांच्याच विरुद्ध आहे. त्या रांगेत बसणाऱ्याला प्रसंगी दार उघडून बाजूला करावे लागते. एअरबस 320 च्या पंखावरचे दार तर अनेकदा हातांनी उचलून बाहेर टाकायचे असते. म्हणून लहान मुले, गरोदर स्त्रिया, हालचालीला अडचण असलेली किंवा सूचना ऐकू न येणारी माणसे तिथे बसवता येत नाहीत. तिथे आपली थकलेली आई बसवणे म्हणजे तिच्या आणि मागच्या सगळ्यांच्या वाटेत अडथळा उभा करणे होय. कुटुंबाला तोडणेही तितकेच वाईट, कारण धूर भरल्यावर माणसे उलट दिशेने आपल्या माणसाला शोधायला जातात. मुलांच्या बाबतीत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल 2024 मध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांजवळ जागा द्यावी असे विमान कंपन्यांना बजावले आहे. आई-बाबांच्या बाबतीत ते आपणच पाहायचे असते.

वयस्करांना आइलची, म्हणजे मधल्या वाटेलगतची, दाराजवळची जागा द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांचा प्रवास मुंबईहून 15-16 तासांचा असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. खिडकीशी अडकलेला माणूस कमी उठतो, कमी चालतो आणि माझ्या आईसारखा पाणीही कमी पितो. हा धोका अपघाताच्या धोक्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील अर्नोल्ड बार्नेट यांच्या हिशेबाने 2018 ते 2022 या काळात जगभरात दर 1 कोटी 37 लाख प्रवाशांमागे एक मृत्यू होता.

परतीच्या तिकिटावर बहिणीने आणि मी मिळून चौथी रांग घेतली: आई आइलला, बाबा तिच्या शेजारी. विमान सुटण्याआधी बाबांचा फोन आला. पुढच्या दारापर्यंत तीन रांगा आहेत, मागे पंखावरच्या दारापर्यंत आठ, त्यांनी आईचा हात खुर्च्यांच्या पाठींवर ठेवून तिच्याकडूनही मोजून घेतल्या होत्या. आईने पाण्याची बाटली संपवली होती आणि दुसरी मागितली होती.