कॅसेट नेमकी कुठे घासली जाते: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण ते रागाच्या भरात होत होतं, म्हणून थांबलो. मधल्या दोन दिवसांत वादातले तीन सिनेमे पुन्हा पाहिले आणि आता लिहितोय. उत्तर लांबणार आहे. तुमचं म्हणणं दोन ओळींत झटकून टाकण्यासारखं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कमी पैशांत बनलेल्या इरॉटिक थ्रिलर, म्हणजे खून-फसवणुकीच्या गोष्टीत शृंगाराचे उघड प्रसंग असलेल्या सिनेमांवर मी गेल्या महिन्यात लिहिलं होतं. १९९० च्या आसपास अमेरिकेत असे सिनेमे ढिगाने निघाले. त्यातले बहुतेक थेट व्हिडिओ कॅसेटवर आले. त्यांना सरसकट 'बी ग्रेड' म्हणून बाजूला सारू नये, असं मी म्हटलं होतं. ताईंचं म्हणणं असं की, खुनाचं निमित्त करून विकलेलं हे उघडंनागडं आहे. पैसे नव्हते ही सबब झाली, कारण चांगली कथा सुचायला पैसे लागत नाहीत. कपडे न उतरवता हीच गोष्ट सांगता येत नाही का? त्यात काम केलेल्या नट्यांचं काय झालं यावर मी एक अक्षरही लिहिलं नाही, हीही त्यांची तक्रार. आणि शेवटी, जे मला खरंच लागलं ते वाक्य: 'तेंडुलकर वाचून मोठ्या झालेल्या माणसाने हे लिहावं याचं वाईट वाटतं.'

पहिल्या मुद्द्यावर तर तुमच्या बाजूने साक्ष मीच देऊ शकतो. माझ्या कॉलेजच्या दिवसांत डोंबिवलीत आमच्या घराजवळ एक कॅसेट लायब्ररी होती. इंग्रजी सिनेमे मागच्या फळीवर असायचे आणि त्यातले काही वर्तमानपत्रात गुंडाळून मिळायचे. मित्राच्या घरी कोणी नसलं की त्याच्या व्हीसीआरवर आम्ही ते लावायचो. कॅसेट बराच वेळ नीट चालायची. मग ठरावीक जागी पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या, चित्र उड्या मारायला लागायचं, आवाज चिरकायचा. आधीच्या गिऱ्हाइकांनी नेमका तेवढाच भाग मागे नेऊन, मध्येच थांबवून, पुन्हा पुन्हा पाहून फीत घासून टाकलेली असायची. प्रसंग संपला की चित्र परत स्वच्छ. लोक कशासाठी कॅसेट नेत होते त्याचा पुरावा फितीवरच होता. हे मी मूळ लेखात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण त्याने माझी बाजू लंगडी पडत होती. तेवढी माझी चूक मान्य.

पण त्याच घासलेल्या कॅसेटींनी मला एक गोष्ट शिकवली. बऱ्याच सिनेमांत तो खराब झालेला भाग दिसला नाही तरी काही अडायचं नाही. खून कोणी केला, का केला, सगळं समजायचं. मोजक्या काही सिनेमांत मात्र तो भाग हुकला की पुढचं काहीच लागायचं नाही, कारण नेमकं तिथेच कोणीतरी कोणाला तरी फसवलेलं असायचं, किंवा कोणाला तरी आपण फसतोय हे पहिल्यांदा कळलेलं असायचं. आजही या प्रकारातला सिनेमा बघताना मी हेच विचारतो: हा प्रसंग काढला तर गोष्ट बदलते का? बदलत नसेल तर तुमचा शब्द खरा, ते निमित्तच आहे.

'द लास्ट सिडक्शन' (१९९४) घ्या. दिग्दर्शक जॉन डाल, खर्च सुमारे पंचवीस लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. लिंडा फिओरेंटिनोची ब्रिजेट नवऱ्याने अमली पदार्थ विकून आणलेले पैसे घेऊन न्यूयॉर्कमधून पळते, तेसुद्धा तो अंघोळीला गेलेला असताना. बफेलोजवळच्या एका छोट्या गावात ती लपते. तिथे तिला नवं नाव लागतं, तर ती न्यूयॉर्कची इंग्रजी अक्षरं उलटी करते आणि 'वेंडी क्रॉय' होते. गावातला माईक तिच्या प्रेमात पडतो. त्यांच्यातले शारीरिक प्रसंग नीट पाहिलेत तर लक्षात येईल की कॅमेऱ्याला अंगापेक्षा चेहऱ्यांची जास्त पडली आहे. एकाच वेळी तो जीव लावतोय आणि ती हिशेब मांडतेय. संवादांत हे कुठेच नाही, फक्त त्या प्रसंगांत आहे. ते कापले तर माईक शेवटी जे करतो ते का करतो, हे प्रेक्षकाला पटणारच नाही. फिओरेंटिनोला न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी त्या वर्षीची सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. ऑस्करसाठी मात्र तिचा विचारच झाला नाही, कारण चित्रपट थिएटरात येण्याआधी एचबीओ या टीव्ही वाहिनीवर दाखवला गेला होता.

आणि याच सिनेमात मला आता खुपणारी एक गोष्ट आहे, तीही सांगून टाकतो. माईकचं जे गुपित शेवटी बाहेर येतं त्यात त्याने पूर्वी नकळत एका ट्रान्स स्त्रीशी लग्न केलेलं असतं. सिनेमा त्याकडे निव्वळ नामुष्की म्हणून बघतो. त्या बाईला माणूस म्हणून काही जागाच नाही. मूळ लेख लिहिताना मी यावरून सरळ पुढे गेलो होतो. या वेळी जाता आलं नाही.

आता तेंडुलकर. ताई, हे वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणूनच मला दिग्दर्शक जगमोहन मुंदडांची आठवण झाली. जन्म नागपूरचा, वाढले कलकत्त्याच्या मारवाडी वस्तीत, शिकले आयआयटी मुंबईत. तेंडुलकरांच्या 'कमला' नाटकावर १९८४ मध्ये हिंदी सिनेमा केला तो यांनीच. दीप्ती नवल कमला, शबाना आझमी सरिता. पुढे अमेरिकेत १९९० मध्ये 'नाइट आइज' नावाचा इरॉटिक थ्रिलर केला तोही यांनीच. निर्माते होते मद्रासचे टेनिसपटू अशोक अमृतराज. कॅसेटच्या बाजारात तो इतका चालला की पुढे त्याचे आणखी तीन भाग निघाले.

मी या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. 'कमला'त एक पत्रकार बाजारातून अडीचशे रुपयांना बाई विकत आणतो आणि पत्रकार परिषदेत तिला पुरावा म्हणून उभी करतो. तिथे तिला नको नको ते प्रश्न विचारले जातात आणि घरी येऊन तो ते हसत हसत सांगतो. मग कमला त्याच्या बायकोला, सरिताला विचारते, तुला केवढ्याला आणलं? 'नाइट आइज'मध्ये घटस्फोटाच्या भांडणात पुरावा हवा म्हणून एका श्रीमंत गायकाच्या बायकोवर पाळत ठेवली जाते. सुरक्षारक्षक म्हणून घरात शिरलेला माणूस कॅमेरे लावतो आणि खोलीत बसून पडद्यावर तिला बघत राहतो. दोन्हीकडे बाईचा पुरावा होतो. दोन्हीकडे बघणाऱ्याला वाटतं की आपलं काम चोख चाललंय.

याचा अर्थ दोन्ही कृती एका तोलाच्या आहेत असं मी म्हणत नाही. मुळीच नाही. तेंडुलकर कमलाला रंगमंचावर उघडं करत नाहीत. ती पत्रकार परिषद प्रेक्षकाला दिसतच नाही, फक्त ऐकू येते, आणि म्हणून ती सहन होत नाही. 'नाइट आइज' नायकाच्या चोरून बघण्यावर बोट ठेवतो आणि त्याच दमात आपल्यालाही तेच बघायला बसवतो. गोष्ट बरोबर जागी आलेली असते आणि कॅमेरा तिला दगा देतो. या सबंध प्रकाराचं बळ आणि खोट मला त्या एका सिनेमात दिसते. मुंदडा त्यानंतरही असे सिनेमे करत राहिले. मग २००० मध्ये राजस्थानच्या भंवरी देवींच्या लढ्यावर 'बवंडर' आणि २००६ मध्ये छळ करणाऱ्या नवऱ्याला ठार केलेल्या इंग्लंडमधल्या किरणजित अहलुवालिया यांच्यावर 'प्रोव्होक्ड' केला. तेंडुलकरांच्या वाटेवरून चालणारा माणूस या गल्लीतूनही गेला होता, म्हणून मलाही तिथे डोकावण्याची लाज वाटत नाही.

बजेटबद्दल तुमचं वाक्य होतं, कथेला पैसे लागत नाहीत. खरंय. उलट पैसे कमी असले की फायदाही होतो. पाठलाग नाहीत, स्फोट नाहीत, शहरभर हिंडणं नाही. एक घर, तीन-चार माणसं. मग त्या चौघांना एकमेकांच्या नजरेला नजर द्यावीच लागते. मग बहुतेक सिनेमे इतके फुसके का? माझ्या मते कारण पैशाच्या कमतरतेपेक्षा विक्रीच्या पद्धतीत आहे. १९९० मध्ये अमेरिकेत एनसी-१७ हे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आलं आणि 'ब्लॉकबस्टर'सारखी कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांची मोठी साखळी तसे सिनेमे ठेवीना. म्हणून एकाच सिनेमाच्या दोन आवृत्त्या निघू लागल्या: एक त्याहून सौम्य 'आर' प्रमाणपत्राची, कापलेली, दुसरी प्रमाणपत्र न घेतलेली, 'अनरेटेड'. विचार करा, जो प्रसंग एका आवृत्तीत ठेवायचा आणि दुसरीतून कापायचा हे आधीच ठरलेलं आहे, त्यावर लेखक गोष्टीचं ओझं ठेवेल कसा? तो प्रसंग सुटा पाहिजे, काढता-घालता येणारा. म्हणून तीच मेणबत्ती, तोच सॅक्सोफोन, तोच पोहण्याचा तलाव, आणि दहा मिनिटांनी पोलीस येऊन विचारतात, काल रात्री कुठे होतात.

कपड्यांच्या प्रश्नावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही. 'डबल इंडेम्निटी' (१९४४) मध्ये बार्बरा स्टॅनविक जिना उतरते तेव्हा तिच्या घोट्यावरची साखळी दिसते. तेवढ्यावर एक विमा एजंट खून करायला तयार होतो आणि आपल्याला ते पटतं. तेव्हा सेन्सॉरचे नियम कडक होते, म्हणून दिग्दर्शकाला डोकं चालवावं लागलं. नग्नता लागतेच, असं मी पुन्हा लिहिणार नाही.

आणि नट्या. ताई, इथे मी पूर्ण चुकलो. 'नाइट आइज'चा नायक अँड्र्यू स्टीव्हन्स त्या सिनेमाचा सहलेखक होता. तिसऱ्या भागाचा दिग्दर्शक झाला. पुढे निर्माता म्हणून मोठा झाला. त्याच मालिकेत दुसऱ्या-तिसऱ्या भागात नायिका होती शॅनन ट्वीड. तिचा चेहरा खोक्यावर छापून कॅसेट विकली जायची आणि तिला पुढे त्याच प्रकारची कामं येत राहिली. पुरुषाला जी शिडी मिळाली ती तिच्या वाट्याला आली नाही. सेटवर काय दाखवायचं, किती वेळ, कोणासमोर, हे करारातल्या एखाद्या कलमावर आणि दिग्दर्शकाच्या भलेपणावर सोडलेलं असायचं. अशा प्रसंगांसाठी सेटवर वेगळी जबाबदार व्यक्ती हवीच, हा नियम एचबीओसारख्या कंपनीनेसुद्धा २०१८ मध्ये केला.

तरीही त्याच्या बावीस वर्षं आधी एका छोट्या सिनेमाने हे जमवलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वाचोव्स्की भावंडांचा पहिला सिनेमा, 'बाउंड' (१९९६). व्हायोलेट आणि कॉर्की या दोन बायका मिळून एका गुंडटोळीचे पैसे लांबवायचं ठरवतात. दिग्दर्शकांनी त्यांच्यातल्या प्रसंगासाठी लैंगिकतेवर लिहिणाऱ्या सूझी ब्राइट यांना सल्लागार म्हणून बोलावलं. प्रसंग नृत्यासारखा आधी बसवून घेतला आणि एकाच सलग शॉटमध्ये चित्रित केला. मध्ये कुठे तुकडा कापून अंगावर झेप घेणं नाही. त्या शॉटनंतर आपल्याला प्रश्न पडतो तो एवढाच, की यातली कोण कोणावर कितपत भरवसा ठेवतेय. पुढचा सगळा सिनेमा त्या एका प्रश्नावर उभा आहे.

बाकी सिनेमा जवळजवळ शेजारशेजारच्या दोन फ्लॅटमध्ये घडतो. भिंत इतकी पातळ की संडासाच्या पाइपातून पलीकडची मारहाण कॉर्कीला ऐकू येते. आणि मग तो प्रसंग: नोटांवर रक्त सांडलेलं आहे, टोळीचा मालक पैसे न्यायला येणार आहे, म्हणून व्हायोलेटचा माणूस सीझर रात्रभर नोटा धुतो, दोऱ्यांवर वाळत घालतो, एकेक नोट इस्त्री करतो. घरभर शंभराच्या नोटा लोंबकळतायत आणि त्यांच्यामधून वाट काढत व्हायोलेट चालतेय. इस्त्रीची वाफ, ओल्या कागदाचा तो जडपणा, तिचा शांत चेहरा. यासाठी किती पैसे लागले असतील? दोऱ्या, चिमटे आणि एक इस्त्री.

मूळ लेखात आज मी तीन दुरुस्त्या केल्या आहेत: कॅसेटचा परिच्छेद घातला, नग्नतेबद्दलचं वाक्य काढलं, आणि नट्यांवरचा भाग तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून जोडला. नाव तुम्ही म्हणाल तरच घालीन. आणि एक विनंती आहे. 'बाउंड' एकदा बघा. सुरुवातीचा अर्धा तास तुम्हाला आवडणार नाही कदाचित, पण नोटा वाळत घातलेल्या दिसेपर्यंत थांबा आणि मग काय वाटलं ते इथेच लिहा.