रद्दीत निघालेली दोन कपाटं

दादाचा फोन रविवारी सकाळी येतो. तिकडे संध्याकाळ झालेली असते, तो वाचनालयातून घरी येऊन चहा घेऊन बसलेला असतो. गेल्या रविवारी फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. कॉफी गार झाली तरी राग उतरेना.

दादा मिरजेतल्या एका वाचनालयाचा कार्यवाह आहे. दिवाळीला त्यांचा विशेषांक निघतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर तू लिही, असं त्यानेच मला महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं. मी एकोणीस वर्षं फिलाडेल्फियात सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेत काम करते, जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूपासून दोन चौक आत, बहुतेक कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. लेख लिहिला, पाठवला. त्यात निम्मा मजकूर स्ट्रीट फिक्शनबद्दल होता. कोपऱ्यावर ड्रग्ज विकणारी पोरं, त्यांच्या मैत्रिणी, तुरुंगात गेलेले बाप, एकटीने घर ओढणाऱ्या आया यांच्या कादंबऱ्या. आमच्या शाखेत यातलं पुस्तक परत आलं की शेल्फपर्यंत पोचतच नाही, पुढच्या माणसाचा होल्ड, म्हणजे आगाऊ मागणी, लागलेला असतो.

दादाने तो निम्मा मजकूर कापला. "टोनी मॉरिसन, जेम्स बाल्डविन हे मोठे लेखक राहू देत. हे दलालांचं आणि गर्दुल्ल्यांचं कशाला? त्या लोकांचीच बदनामी होते यात. असलं वाचून कुणाचं भलं झालंय?" आणि लगेच पुढची बातमी: वाचनालयातल्या जुन्या रहस्यकथांच्या दोन कपाटांचं निर्लेखन करायचा, म्हणजे ती पुस्तकं रद्दीत काढायचा, ठराव झालाय. जागा हवी आहे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबलं टाकायची आहेत.

दोन्ही गोष्टी त्याने एकाच सुरात सांगितल्या. माझ्या डोक्यात त्या तेव्हापासून एकमेकींत अडकून बसल्या आहेत.

दादाचा आक्षेप नवा नाही, आणि तो पहिल्यांदा कृष्णवर्णीयांनीच घेतलेला आहे. १९२८ साली क्लॉड मके या कृष्णवर्णीय लेखकाची हार्लेमवरची, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवरची, कादंबरी आली. दारूचे अड्डे, नाच, गोदीतले मजूर. कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या 'द क्रायसिस' मासिकात लिहिलं की यातला गलिच्छ भाग वाचल्यावर आंघोळ करावीशी वाटते. हे तेच ड्यू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं. एवढा मोठा माणूस, त्याच्या मनात भीती कसली होती? गोऱ्या वाचकाला आपल्याबद्दल जे ऐकायला आवडतं तेच आपलाच लेखक त्याच्या हातात देतोय, ही. आज मकेची तीच कादंबरी इथल्या कॉलेजांत अभ्यासाला असते.

मग २००६. निक चाइल्स हे कृष्णवर्णीय लेखक अटलांटाजवळच्या लिथोनियातल्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानात गेले. आफ्रिकन-अमेरिकन साहित्याच्या विभागात त्यांना अर्धनग्न बायका आणि पिस्तुलं असलेली मुखपृष्ठं ओळीने दिसली, आणि त्याच गर्दीत त्यांची स्वतःची पुस्तकं. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांनी लेख लिहिला, लाज वाटल्याचं मोकळेपणाने सांगितलं. त्यांचं दुःख मला समजतं. पण त्या दुकानाने रहस्यकथा, प्रेमकथा, गंभीर कादंबरी हे सगळं लेखकाच्या कातडीच्या रंगावरून एका फळीवर कोंबलं होतं. गोऱ्या लेखकाची हाणामारीची कादंबरी एका खोलीत आणि गंभीर कादंबरी दुसऱ्या खोलीत जाते, कृष्णवर्णीयांना एकच खोली. ती अडचण स्ट्रीट फिक्शनने केलेली नाही.

डॉनल्ड गोइन्सचं उदाहरण मी दादाला लेखात दिलं होतं, तेही त्याने कापलं. डेट्रॉइटचा माणूस. हेरॉइनचं व्यसन, तुरुंगाच्या वाऱ्या. मिशिगनच्या तुरुंगात लिहायला लागला, १९७१ ला पहिलं पुस्तक आलं आणि १९७४ च्या ऑक्टोबरात घरात गोळ्या घालून त्याला मारलं. तेवढ्या काळात त्याने सोळा कादंबऱ्या लिहिल्या. त्याची प्रकाशन संस्था लॉस एंजेलिसची, मालक गोरे. पुस्तकं विकली गेली त्या मानाने लेखकांच्या पदरात फार काही पडलं नाही, हे खरं आहे आणि त्याचा संताप यायलाच हवा. पण आमच्याकडे साठीचे गृहस्थ येतात, शिकलेले जेमतेम दहावीपर्यंत, आणि सांगतात की मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचलेलं पुस्तक गोइन्सचं. कुणी कोठडीत वाचलेलं, कुणी आईच्या उशीखालून चोरून. हे मी एकदा नव्हे, कित्येकदा ऐकलंय. मालक गोरा होता म्हणून ते वाचन खोटं ठरतं का?

आणि नंतरच्या पिढीने तर मालकही बदलला. आमच्याच शहरातल्या टेरी वुड्सची पहिली कादंबरी प्रकाशकांनी परत पाठवली. तिने ती स्वतः छापली आणि गाडीच्या डिकीतून रस्त्यावर विकली. ओहायोतल्या विकी स्ट्रिंगरने तुरुंगात लिहायला घेतलं, २००१ साली स्वतःच्या पैशांनी पुस्तक काढलं, मग कोलंबसमध्ये प्रकाशन उभं केलं आणि इतरांची पुस्तकं छापली. हार्लेममध्ये १२५व्या रस्त्यावर टेबलं मांडून ही पुस्तकं विकणारे होते. लेखक, छापणारा, विकणारा, वाचणारा, सगळे एकाच वस्तीतले. मराठीत आपण 'वाचन संस्कृती' म्हणून परिसंवाद भरवतो. ही वाचन संस्कृती कुणाच्याही अनुदानाशिवाय फुटपाथवर उभी राहिली.

यात गुन्हेगारीचं उदात्तीकरण असतं, असं दादा म्हणतो. त्याने यातलं एकही वाचलेलं नाही. सिस्टर सोल्जाच्या १९९९ सालच्या कादंबरीची नायिका विंटर ही ब्रुकलिनमधल्या ड्रग्जच्या बड्या धंदेवाल्याची लाडावलेली मुलगी. कपडे, दागिने, पुरुष याशिवाय तिला काही सुचत नाही. शेवटी तिला पंधरा वर्षांची शिक्षा होते. लेखिका स्वतः त्या गोष्टीत एक पात्र म्हणून येते आणि विंटरला वेगळी वाट दाखवायचा प्रयत्न करते, विंटर तिचं ऐकत नाही. आमच्याकडे येणारी एक बाई रात्रपाळीला म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करते, सकाळी तेवीस नंबरच्या बसमधून उतरून थेट शाखेत येते. तिने मला सांगितलं, "मिस, या पुस्तकावरून माझ्या घरात तीन पिढ्या भांडतात. माझी आई म्हणते पोरगी वाया गेली, माझी मुलगी म्हणते तिला वाया घालवली." स्वयंपाकघरात उभं राहून आजी, आई आणि नात एका पुस्तकावर भांडतात. आमच्या मिरजेच्या घरात आई कुठल्याही पुस्तकावर कधी बोलली नाही, तिला कुणी विचारलंच नाही.

याच बाईला मी पहिल्या वर्षी मॉरिसन दिली होती. तिने यातली कादंबरी मागितली आणि मी, शहाणी, "हेही बघा ना" म्हणत दुसरं पुस्तक पुढे केलं. तिने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शांतपणे म्हणाली, "ही मी शाळेत वाचली. आवडली होती. आज मला ते नको आहे." ती दोन्ही वाचणारी होती. गरिबाची भूक एकाच प्रकारची असते, असं मी धरून चालले होते.

आमच्या शहरात ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या व्हेनेसा इर्विन मॉरिस यांनी या साहित्यावर ग्रंथपालांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने ते २०११ मध्ये काढलं. त्यातून मी शिकले की हे वाचायला येणाऱ्याला सुधारायचं नसतं, त्याच्याशी बोलायचं असतं. हे मी दादाला सांगितलं. सभासद व्हायला इथे अनामत लागत नाही, वर्गणी नाही, कोण काय वाचतं हे कुणी विचारत नाही, हेही सांगितलं. माझा आवाज चढला होता. तो म्हणाला, "तुमच्याकडे शाळांमधून मॉरिसनच काढतायत, पेपरात वाचतो आम्ही." खरं आहे. मला उत्तर सुचलं नाही, मी विषय बदलला.

मग मी आपलं घरचं काढलं. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती इथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, तेंडुलकरांची प्रस्तावना घेऊन, आणि त्यातली भाषा ऐकून किती सभ्य लोकांनी कानांवर हात ठेवले! आज तूच वाचनालयात त्याच्यावर व्याख्यान ठेवतोस. दादा म्हणाला, "ढसाळ कवी होते. तुझे हे लोक गल्लाभरू आहेत. दोन्ही एका तागडीत घालू नकोस."

यातही तथ्य आहे. शंभरातली कितीतरी पुस्तकं घाईत लिहिलेली असतात, बायकांचे नुसते देह मांडलेले असतात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी तसलं पुस्तक घेऊन काउंटरवर आली की माझा हात क्षणभर थांबतो. ओमर टायरी यांनी १९९३ मध्ये याच जर्मनटाउनमधल्या एका मुलीवर कादंबरी लिहिली, ज्यावरून पुढच्या कितीतरी जणांनी गिरवलं. त्यांनीच २००८ साली या प्रकाराला रामराम ठोकला. घरातल्या माणसांनाही हे टोचतं.

पण घरातल्या माणसांना. माझ्या शाखेतल्या वरिष्ठ सहकारी, याच वस्तीत वाढलेल्या, त्यांना ही पुस्तकं अजिबात आवडत नाहीत. एका मीटिंगमध्ये मी या पुस्तकांची जोरदार बाजू मांडली, रविवारी दादापुढे मांडली तशीच. त्यांनी ऐकून घेतलं आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझं मन चांगलं आहे. पण हे माझ्या माणसांचं भांडण आहे. तू जिंकून देऊ नकोस." त्या दिवशी मी गाडीत बराच वेळ बसून राहिले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला गेलं की एक्स्टन आणि किंग ऑफ प्रशिया या उपनगरांतले आपले लोक विचारतात, "त्या भागात नोकरी? गाडी कुठे लावतेस?" तिथे मी त्या भागाची होते. त्या भागात मी बाहेरची असते. आणि मिरजेत दादा म्हणतो, "तिकडे बसून सल्ले देणं सोपं आहे."

मग मी इतकी चिडते कशासाठी? रविवारपासून हेच विचारतेय स्वतःला. उत्तर मला ठाऊक आहे, दादाला ठाऊक नाही.

आमचे बाबा एसटीत कंडक्टर होते, मिरज डेपोला. शिक्षण सातवी. स्टेशनजवळच्या गल्लीत एक खाजगी लायब्ररी होती, पुस्तकाला दिवसाला पंचवीस पैसे. बाबा ड्यूटीवरून येताना तिकिटांच्या पेटीसोबत एक पुस्तक आणायचे. अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. एकच पुस्तक दोनदा आणलं जायचं, म्हणून त्यांनी युक्ती काढली. वाचून झालं की शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्याला तिकिटाच्या पंचने भोक पाडायचे. लायब्ररीवाले ओरडायचे, बाबा हसायचे. रात्री आम्हा दोघांना पाठलागाचे प्रसंग मोठ्याने वाचून दाखवायचे. दादा, तू चौथीत होतास आणि पुढचं पान तूच ओढून घ्यायचास. तू वाचायला लागलास ते तिथून.

मी सांगलीला कॉलेजात गेले. मराठी विशेष. एका रविवारी वर्गातल्या तिघी घरी येणार होत्या, त्यातल्या एकीचे वडील प्राध्यापक. बाबांच्या खाटेवर दोन रहस्यकथा पडल्या होत्या, एकीच्या मुखपृष्ठावर पिस्तूल आणि लाल साडीतली बाई. मी त्या उचलून ट्रंकेमागे सरकवल्या आणि तिथे माझं अभ्यासाचं पुस्तक ठेवलं. वळले तर बाबा दारात उभे, बनियनवर, हातात मैत्रिणींसाठी आणलेला भडंगाचा पुडा. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी पुस्तक कधी घरी आणलं नाही. डेपोतच वाचायचे, डेपोतच ठेवायचे. आपल्याला वाटलं, त्यांचं वाचन सुटलं. आई म्हणायची, डोळे दुखतात त्यांचे. तूही तेच धरून चाललास.

त्यांचं वाचन मी घराबाहेर काढलं, दादा. हे मी तुला, आईला, कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना तर नाहीच. ते गेले तेव्हा मी इथे होते, तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

केबल आल्यावर गल्लीतली ती लायब्ररी बंद पडली आणि मालकांनी सगळी पुस्तकं तुमच्या वाचनालयाला दिली. तुझी ती दोन कपाटं म्हणजे तीच पुस्तकं. तूच मला एकदा सांगितलं होतंस.

लेखातला कापलेला भाग तू छापावास असा माझा हट्ट नाही. वाटल्यास सगळा लेख ठेवून दे. मुलांना टेबलं हवीत, तेही मला पटतं. मी डिसेंबरात येतेय, तोवर रद्दीवाल्याला बोलावू नकोस. आणि एखाद्या संध्याकाळी वाचनालय बंद करायच्या आधी ती कपाटं उघड. एकेक पुस्तक काढून शेवटच्या पानाचा खालचा कोपरा बघ.